मोटरसायकल क्षेत्रातील कीर्तिदालनासाठी प्रस्ताव कसा तयार करावा

मराठवाड्यात सत्कार कसा करावा हे कोणाला शिकवावे लागत नाही. शाल, श्रीफळ, फेटा आणि चार वक्ते एवढी सामग्री जमली की कार्यक्रम पार पडतो आणि सत्कारमूर्तींविषयी जे बोलले गेले त्याची शहानिशा करण्याचे कारण कोणाला पडत नाही. कीर्तिदालनासाठी, म्हणजे ज्याला सर्वत्र हॉल ऑफ फेम म्हणतात त्यासाठी, एखाद्याचे नाव सुचवणे हे मात्र सत्काराचे नव्हे, साक्ष देण्याचे काम आहे. ही साक्ष कागदावर टिकली पाहिजे, कारण वाचणाऱ्या समितीने त्या माणसाला पाहिलेले नसते, त्याच्या गॅरेजमधला चहा घेतलेला नसतो आणि बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाटही तिला ठाऊक नसतो. आमच्या भागातील एका दुचाकीस्वार मंडळाच्या कीर्तिफलकासाठी आलेले प्रस्ताव वाचण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे, आणि चांगली माणसे केवळ कच्च्या प्रस्तावामुळे मागे राहिलेली मी पाहिली आहेत.

प्रस्ताव कोणाकडे पाठवायचा

प्रस्ताव कोणाकडे जाणार हे ठरल्याशिवाय एक ओळही लिहू नये, कारण प्रत्येक संस्थेचे निकष, मुदत आणि नमुना वेगळा असतो. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन या 1924 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे कीर्तिदालन ओहायो राज्यातील पिकरिंगटन येथे आहे आणि त्यात पहिली नावे 1998 मध्ये दाखल झाली. ते अमेरिकेत असले तरी केवळ अमेरिकनांचे नाही. जपानचे सोइचिरो होंडा आणि न्यूझीलंडचे बर्ट मन्रो हे दोघेही तेथे आहेत. ते केवळ शर्यतपटूंचेही नाही, कारण यंत्ररचनाकार, उद्योजक, लांब पल्ल्याचे स्वार आणि मोटरसायकलस्वारांच्या हक्कांसाठी झटलेली माणसेही तेथे विराजमान आहेत. याउलट मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक मालिकेच्या ‘लेजंड’ यादीत कोणाला घ्यायचे हे संयोजक स्वतः ठरवतात, त्यामुळे तेथे अर्ज धाडण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडे पद्म पुरस्कारांसाठी कोणीही कोणाचेही नाव केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून सुचवू शकतो आणि त्या प्रस्तावातील कार्यवर्णनाला 800 शब्दांची मर्यादा असते. ही मर्यादा मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या फलकासाठीसुद्धा सतरा-अठरा पानांचे प्रस्ताव येतात आणि त्यांतील दोन पानांपलीकडे कोणाचे लक्ष टिकत नाही.

नियमावली वाचताना चार गोष्टी आधी पाहाव्यात: मरणोत्तर नाव चालते काय, स्वतःचे किंवा नातेवाइकाचे नाव सुचवता येते काय, कोणत्या गटात नाव जाईल आणि संबंधित व्यक्तीची संमती लागते काय. संमती लागत नसली तरी ती घ्यावीच. ऐंशीच्या घरातील एका मिस्त्रींनी आमच्या एका प्रस्तावकाला सरळ सांगितले होते की, “माझं नाव कुठं लावायचं असेल तर आधी माझ्याकडं या, मग कागद काढा,” आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

माणूस निवडताना

केवळ दीर्घकाळ मोटरसायकल चालवणे ही पात्रता नव्हे. मराठवाड्यात चाळीस वर्षे रोज पन्नास किलोमीटर दुचाकी हाकणारे दूधवाले, शिक्षक आणि विमा प्रतिनिधी हजारोंनी सापडतील. त्या माणसामुळे मोटरसायकलच्या जगात काय बदलले हे सांगता आले पाहिजे. सोइचिरो होंडा यांच्याबाबत हे सोपे आहे, कारण त्यांच्या कंपनीने 1958 मध्ये आणलेल्या सुपर कबने साध्या माणसाच्या हाती दुचाकी दिली आणि 2017 पर्यंत तिचे उत्पादन 10 कोटींवर गेले. सी. एस. संतोष यांच्याबाबतही सोपे आहे, कारण 2015 मध्ये डाकार रॅली ही वाळवंटातील लांब पल्ल्याची खडतर शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय मोटरसायकलपटू ठरले, आणि 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या बाहा (खडतर मैदानी शर्यती) विश्वचषकाच्या महिला गटात ऐश्वर्या पिसे विजेत्या झाल्या तेव्हाही सांगण्यासारखी गोष्ट एका वाक्यात मावत होती. आपल्या भागातील माणसाची गोष्ट एवढी ठळक नसते. ती शोधावी लागते.

मराठवाड्यात शर्यतीची धावपट्टी नसल्यामुळे आमच्याकडे येणारी बहुतेक नावे गॅरेजमधली असतात. ज्या काळात बुलेटचा सुटा भाग मागवला तर तो यायला महिना लागत असे, त्या काळात लेथवर बुश काढून, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप कानाने ओळखून आणि जुन्या पिस्टनला नव्या रिंगा बसवून गाड्या चालत्या ठेवणारा मिस्त्री हा त्या तालुक्याच्या दळणवळणाचा कणा होता. परभणी-नांदेडकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात दुचाकी चालवणे म्हणजे काय हे बाहेरच्या समितीला ठाऊक नसते. ती चिकट माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरत जाते आणि शेवटी चाकच जाम होते. एखाद्याने त्यावर उपाय म्हणून मडगार्ड उचलून बसवण्याची स्वतःची पद्धत काढली असेल आणि ती पंचक्रोशीत पसरली असेल, तर ते योगदान आहे. मात्र माती आणि मडगार्ड यांची ही गोष्ट प्रस्तावात दोन वाक्यांत समजावून सांगावी लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला त्यात विशेष काय तेच कळणार नाही.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या प्रस्तावांचा प्रश्न वेगळा असतो. बजाज ऑटोचा कारखाना तेथे 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांची मोठी साखळी उभी राहिली. तेथे काम केलेल्या अभियंत्याविषयी लिहिताना अमुक मोटरसायकल यांनी बनवली असे विधान कधीही करू नये, कारण मोटरसायकल शेकडो जण मिळून बनवतात. त्याने नेमका कोणता भाग, कोणत्या वर्षी, कोणत्या दोषासाठी बदलला आणि त्यामुळे काय साधले एवढेच लिहावे. त्याच्या नावावर पेटंट असेल तर काम फार सोपे होते, कारण पेटंटच्या कागदांत संशोधकांची नावे स्वतंत्र नोंदलेली असतात आणि ते कागद सर्वांना पाहता येतात.

स्त्री स्वारांचे प्रस्ताव वाचताना मला नेहमी खटकते ती गोष्ट येथे सांगून टाकतो. त्यांत रणरागिणी आणि हिरकणी हे शब्द असतात, घर सांभाळून त्यांनी हे केले असे आवर्जून लिहिलेले असते, कपड्यांचे वर्णन असते. पण कोणती गाडी, कोणता मार्ग आणि किती दिवस हे नसते. ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरेन या भगिनींनी 1916 मध्ये ‘इंडियन’ या अमेरिकी कंपनीच्या मोटरसायकलींवरून अमेरिका पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडली आणि वाटेत पाइक्स पीक हे शिखर गाडीने चढले. 2002 मध्ये पिकरिंगटनच्या दालनात त्यांना मिळालेली जागा या प्रवासामुळे मिळाली. पुरुषी कपडे घातल्याबद्दल वाटेत त्यांना पोलिसांनी अडवले होते ही हकीकत त्यानंतर येते.

पुरावे गोळा करणे

सगळा वेळ या कामाला लागतो आणि लागू द्यावा. प्रथम त्या व्यक्तीबरोबर दोन-तीन वेळा निवांत बसावे, मोबाइलवर आवाज नोंदवून घ्यावा आणि मध्येच वर्ष विचारून गाडी अडवू नये. आपल्याकडची जुनी माणसे सालाने बोलत नाहीत, घटनेने बोलतात. “बहात्तरच्या दुष्काळात मी गॅरेजला लागलो,” “किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी माझ्याकडे दोन गाड्या होत्या,” “नामांतराच्या वर्षी लग्न झालं,” अशी वाक्ये म्हणजे तारखाच होत. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा आणि विद्यापीठाचे नामांतर 14 जानेवारी 1994 चे, हे धरून बाकीचा क्रम लावता येतो. घरी परतल्यावर कागदावर आडवी रेघ मारून या घटना आधी मांडाव्यात आणि सांगितलेल्या गोष्टी त्यांच्यामध्ये बसवत जावे.

जन्मतारखेवर सहसा विश्वास ठेवू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली 1 जून ही तारीख आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या दाखल्यांवर आहे. प्रस्तावात ती तशीच द्यावी, पण वयावर आधारलेला कोणताही दावा तिच्या भरवशावर करू नये. 1948 पूर्वीचे कागद निघाले तर आणखी एक अडचण येते, कारण निजामाच्या राजवटीतील नोंदी बहुधा उर्दूत असून त्यांत फसली सन, म्हणजे त्या कारभारातील महसुली वर्ष, असतो. फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे 1355 फसली हा 1945-46 च्या आसपासचा काळ. आझूर, दै, बहमन असे महिने दिसले की कागद हैदराबाद संस्थानातील आहे हे ओळखावे आणि उर्दू जाणणाऱ्या एखाद्या निवृत्त शिक्षकाकडून त्याचे लिप्यंतर करून घ्यावे. जिल्ह्यांचेही तसेच. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये वेगळा झाला, आणि पुढे औरंगाबाद व उस्मानाबाद ही नावेही बदलली. त्यामुळे एकाच माणसाच्या तीन कागदांवर तीन जिल्हे दिसू शकतात. समितीने ती चूक समजू नये म्हणून तळाशी एका ओळीचा खुलासा जोडावा.

गाड्यांच्या बाबतीत थोडे कठोर व्हावे लागते. मद्रासमध्ये बनलेली बुलेट 1950 साली घेतली असे कोणी सांगितले, तर एन्फिल्ड इंडिया ही कंपनी 1955 मध्ये स्थापन झाली हे लक्षात घ्यावे; म्हणजे एक तर गाडी इंग्लंडमध्ये बनलेली होती, नाहीतर साल चुकले आहे. म्हैसूरच्या जावाचे उत्पादन 1961 पासूनचे आहे. सर्वांत सोपी तपासणी नंबरप्लेटची: ‘एमएच’ने सुरू होणारे नंबर 1989 पासून आले, त्यामुळे 1982 चे म्हणून दाखवलेल्या छायाचित्रात एमएच-20 दिसत असेल तर एक तर वर्ष चुकलेले आहे किंवा ती गाडी दुसरी आहे. आरसी बुक मिळाले तर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्यावेत आणि त्याची झेरॉक्स जोडावी. एका प्रस्तावातील तीन पाने वाचून जे समजले नव्हते, ते मला एकदा मळलेल्या आरसी बुकाच्या एका पानावरून समजले.

किलोमीटरच्या दाव्यांवर तर मी थांबतोच. पाच आकड्यांचा मीटर 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येतो, केबल तुटली की महिनोन्महिने बंद राहतो आणि इंग्लंडहून आलेल्या गाडीत तो मैलांचा असतो. पाच लाख किलोमीटर असे लिहिण्याऐवजी किती वर्षे, आठवड्यातून किती वेळा, कोठून कोठे जाणे होते ते लिहावे आणि बेरीज वाचणाऱ्यावर सोडावी. आकड्याची चूक मोठ्यांच्या बाबतीतही होते. बर्ट मन्रो यांनी 1967 मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर 1920 च्या इंडियन स्काउटवरून केलेला विक्रम अनेक वर्षे ताशी 183.59 मैल असा नोंदलेला होता. जाण्या-येण्याच्या दोन फेऱ्यांची सरासरी काढताना चूक झाल्याचे त्यांच्या मुलाने दाखवून दिल्यावर 2014 मध्ये तो 184.087 मैल असा दुरुस्त झाला. तोवर त्यांना कीर्तिदालनात येऊन आठ वर्षे लोटली होती.

त्याच दालनातील बेसी स्ट्रिंगफील्ड यांचे उदाहरणही प्रस्तावकाने ध्यानात ठेवावे. 1930 आणि 1940 च्या दशकांत एकटीने अमेरिकाभर मोटरसायकल चालवणाऱ्या या कृष्णवर्णीय स्त्रीने आपला जन्म जमैकात झाल्याचे सांगितले होते आणि तेच छापले जात राहिले. पुढे निघालेले कागद नॉर्थ कॅरोलायनातील एडन्टनकडे बोट दाखवत होते. त्यामुळे त्यांच्या स्वारीचे मोल उणे झाले नाही, पण जी गोष्ट स्वतः व्यक्तीने सांगितली ती ‘त्यांच्या सांगण्यानुसार’ असे म्हणूनच लिहावी आणि जिला कागदाचा आधार आहे ती निराळी ठेवावी.

वर्तमानपत्रातील कात्रणे जोडताना केवळ बातमी कापू नये, वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दिसेल असे पूर्ण पान स्कॅन करावे. स्पर्धांचे निकाल असतील तर प्रमाणपत्रापेक्षा निकालपत्रक अधिक बोलके असते, कारण त्यात किती स्पर्धक होते ते कळते. तिघांतला तिसरा आणि साठांतला तिसरा यांत फरक आहे.

मजकूर लिहिताना

नमुन्यादाखल एक वाक्य पाहा: “आपल्या अफाट कर्तृत्वाने मराठवाड्याचे नाव सातासमुद्रापार नेणारे, दुचाकी क्षेत्रातील चालतेबोलते विद्यापीठ असलेले आदरणीय अण्णा हे तरुणांचे प्रेरणास्थान आहेत.” यात एकही माहिती नाही. आता हे कल्पित वाक्य पाहा: “1978 ते 2011 या काळात त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये 41 मुलांना इंजिन खोलण्या-बसवण्याचे काम शिकवले, त्यांपैकी 26 जणांनी परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांत स्वतःची गॅरेजे काढली असून त्यांची नावे सोबतच्या यादीत आहेत.” दुसरे वाक्य लिहायला आठवडाभर फिरावे लागते. पहिले कोणीही चहा गार होण्याआधी लिहितो, आणि म्हणूनच ते सगळ्या प्रस्तावांत सापडते.

पहिल्या परिच्छेदात माणूस कोण, काळ कोणता आणि योगदान काय हे तीन-चार वाक्यांत यावे. बालपण, गरिबी आणि वडिलांचा विरोध नंतर, तेही योगदानाशी संबंध असेल तरच. ‘पहिला’ हा शब्द फार जपून वापरावा. मराठवाड्यातील पहिला असे लिहिले की बीडचा दुसरा कोणीतरी उठून उभा राहतो. संतोष यांच्याविषयी ‘पूर्ण करणारे’ आणि पिसे यांच्याविषयी ‘महिला गटात’ हे शब्द असल्यामुळेच ती विधाने टिकतात. आपल्या विधानालाही अशी कुंपणे घालावीत. अपघात, शिक्षा किंवा वाद असेल तर तो लपवू नये, एका वाक्यात सांगून पुढे जावे, कारण समितीला तो दुसरीकडून कळला तर तुमच्या बाकीच्या कागदांवरही संशय येतो.

प्रस्ताव इंग्रजीत द्यायचा असेल तरी आधी मराठीत पूर्ण लिहावा आणि मग भाषांतर करावे. ‘मिस्त्री’ला नुसते ‘मेकॅनिक’ म्हटले की त्यातील गुरुपण निघून जाते, म्हणून पहिल्या वेळी एका वाक्याचा खुलासा द्यावा आणि पुढे मूळ शब्दच ठेवावा. नावाचे रोमन स्पेलिंग आधार कार्डावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि जुन्या प्रमाणपत्रावर तिसरे असते. त्यांपैकी कोणते वापरायचे हे त्या व्यक्तीला विचारून ठरवावे, कारण पुढे फलकावर तेच कोरले जाणार.

शिफारसपत्रे

आमदारांच्या लेटरहेडवरचे पत्र मिळवण्यासाठी लोक जेवढे कष्ट घेतात तेवढे बाकी कशासाठी घेत नाहीत, आणि समितीच्या दृष्टीने त्याचे वजन फार थोडे असते, कारण आमदारांनी त्या माणसाचे काम पाहिलेले नसते. ज्याची गाडी प्रस्तावातल्या मिस्त्रींनी औट्रम घाटात रात्री दुरुस्त करून दिली तो ट्रकचालक, त्यांच्याकडे शिकलेला आणि आता त्यांचाच प्रतिस्पर्धी असलेला मिस्त्री, किंवा त्यांच्याशी शर्यतीत हरलेला स्वार यांची पत्रे मोलाची. प्रतिस्पर्ध्याने केलेली स्तुती सहसा खरी असते. पत्रे त्यांच्याच भाषेत असू द्यावीत, व्याकरण सुधारू नये. तीन पत्रांतील वाक्ये एकसारखी दिसली की तिन्ही एकाच टेबलावर लिहिली गेली हे लगेच कळते.

छायाचित्र एकच पुरे. फेटा बांधलेले, हार घातलेले आणि मागे बॅनर असलेले छायाचित्र पाठवू नये. हात ग्रीसने माखलेले असले तरी चालतील, चेहरा स्पष्ट आणि गाडीचा नंबर वाचता येण्याजोगा असावा.

पाठवल्यानंतर

पाठवण्याआधी संपूर्ण मजकूर त्या व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांना वाचून दाखवावा; दोन-चार दुरुस्त्या हमखास निघतात. सर्व कागदांच्या मूळ प्रती परत कराव्यात, स्कॅन केलेल्या प्रती आपल्याकडे ठेवाव्यात आणि पोच मिळाल्याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर समितीच्या सदस्यांना फोन करू नये. आमच्याकडे अशा फोनांमुळे नाव पुढे गेल्याचे एकही उदाहरण नाही, मागे पडल्याची आहेत.

नाव त्या वर्षी निवडले गेले नाही तर फाइल बंद करू नये. प्रस्ताव पाठवला ही बातमी गावात पसरली की आजवर न भेटलेले जुने शिष्य आणि जुने गिऱ्हाईक आपणहून येतात, “आम्हाला का नाही विचारलं?” म्हणून रागावतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्यांना बसवून घ्यावे, चहा द्यावा, आणि सगळे ऐकून झाले की त्या काळातल्या गाडीचे आरसी बुक घरात कुठे आहे का, एवढे विचारावे.